वाचत असाल तर फोन करा

...नाही, मला आधी एक सांगा, ‘डोळे पाणावले’ हा काय शेरा झाला? आणि कशावर? नळाचा वॉशर कसा बदलावा, यावर! अहो, मी लिहिलं काय होतं, तर आधी मुख्य कॉक बंद करा, मग पान्यानं नळाची मूठ सैल करा, जुना वॉशर काढा, नवा बसवा, संपलं. आणि खाली लगेच एका बाईंचा शेरा, ‘डोळे पाणावले, शब्दच नाहीत.’ शब्द नाहीत कसे? वर मी दिलेत की भरपूर! त्यांच्या खाली कुणी ‘निःशब्द’, कुणी ‘काळजाला भिडलं’, आणि एक गृहस्थ तर म्हणतात, ‘आईची आठवण आली.’ आता वॉशरवरून आईची आठवण... येतही असेल बुवा, कुणाचं काय सांगावं! पण तुम्हाला सांगतो, मी त्या आकड्याकडे बघत बसलो होतो, वाचनसंख्या आपली चढतेय चढतेय, कमाईच्या रकान्यातसुद्धा कधी नव्हे ते काहीतरी हललंय, आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला... वाचक वाढले हो, पण वाचलं कुणी?

तुम्ही म्हणाल, या माणसाला सुख टोचतंय. टोचत नाही हो. थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जन्मापासून लेखकच आहे. छे! आयुष्य गेलं पाणीखात्यात. तक्रारीच्या फोनवर. सकाळी खुर्चीत टेकायच्या आत फोन वाजायचा. ‘अहो, पाणी नाही!’ ‘अहो, पिवळं येतंय!’ ‘अहो, खालच्याला येतंय मग मला का नाही, त्यानं तुम्हाला काय चारलंय?’ आणि शिव्या! शिव्या देताना माणसं किती मन लावून बोलतात, कधी पाहिलंयत? जेवायला बसलो की फोन, उठलो की फोन. मी रोज म्हणायचो, देवा, हा फोन एकदा गप्प कर रे बाबा. तर ऐकलं हो त्यानं! निवृत्त झालो आणि फोन जो गप्प झाला, तो असा गप्प झाला की मी अधूनमधून उचलून बघतो, जिवंत आहे का. आता ‘मागितलेलं परत घ्या’ हा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, तेवढं कुणी सांगत नाही.

ही होती तोवर चाललं. ही म्हणजे आमची सौ. मी घरी येऊन दिवसभराचे फोन तिला सांगायचो. ती भाजी चिरत असायची, मान वर करायची नाही, डोळे विळीवर, पण मी जरा थांबलो की म्हणायची, ‘हं... मग?’ बस्स. एवढंच. ‘हं... मग?’ त्या ‘मग’वर मी नोकरी काढली हो सगळी. ती गेली, आणि नंतर एकदा, कुणीतरी जिन्यात कुणाला तरी काहीतरी बोललं ते मी घरात येऊन सवयीनं सांगायला लागलो, मोठ्यानं, चप्पल काढता काढता, आणि अर्ध्यात येऊन थांबलो. पुढं जाताच येईना. ‘मग?’ आलंच नाही ना.

मुलगी आहे. लांब असते. गुणी आहे, रविवारी न चुकता फोन करते, फक्त करते तो भांडी घासताना करते, फोन ठेवलेला कट्ट्यावर, त्यामुळे मी काहीही सांगितलं तरी मध्ये ताट आपटतं. एक दिवस म्हणाली, ‘बाबा, तुम्ही हे सगळं लिहून का काढत नाही? ऑनलाइन टाका. आता तर अॅप आहेत, लोक वाचतात, पैसेही देतात.’ मी म्हटलं, वा! आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी ओळखतो. आम्हीसुद्धा एखादा माणूस फारच बोलायला लागला की हेच म्हणायचो, ‘तुमची तक्रार लेखी द्या.’

दिली की मी लेखी! अॅप उतरवून घेतलं, खातं उघडलं, फोटो लावला, तो तिरका लागला, तसाच ठेवला, आणि लिहायला बसलो. लिहायला माझ्याकडे काय कमी? लोकांचे फोन, लोकांची पाइपं, लोकांची भांडणं. पहिला लेख टाकला. वाचक किती? एक. आनंदानं उडी मारणार होतो, तेवढ्यात कळलं की तो मीच, आपला आपण उघडला तरी मोजतात. दुसरा लेख, वाचक दोन. कारण मी दोनदा उघडला.

मग एक दिवस अॅपवर मला आमंत्रण आलं, ‘वाचनमैत्री’ गटाचं. गटाच्या प्रमुख एक निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांना मनातल्या मनात हेडबाई म्हणतो, कारण त्यांचा निरोप आला की मी अजून खुर्चीत नीट बसतो. बाई म्हणाल्या, ‘लेखक महोदय, आपण एकमेकांना वाचलं नाही तर जग आपल्याला काय वाचणार?’ पटलं हो! गटात सगळे लेखकच. रोज सकाळी प्रत्येकानं आपापली लिंक टाकायची, आणि प्रत्येकानं प्रत्येकाची उघडायची. वाचायची? नाही हो, उघडायची. आणि अंगठ्यानं खाली सरकवत न्यायची. पण त्यातही शिस्त! बाई म्हणाल्या, ‘घाई करू नका, यंत्राला संशय येतो. एका परिच्छेदाला एक लांब श्वास.’ कारण काय, तर भरभर सरकवलं तर अॅप ते वाचन धरत नाही, आणि धरलं नाही की जाहिरातीचा वाटा नाही. तर मी रोज सकाळी खिडकीत बसून लांब श्वास घेत लोकांचं साहित्य सरकवायचो. जिना चढताना दम लागायचा तो थांबला हो माझा! साहित्याचा फायदा नाही असं कोण म्हणतं? गटातल्या एक बाई उजव्या हातानं इस्त्री करता करता डाव्या अंगठ्यानं अख्खी कादंबरी पार करायच्या. त्यांच्या ‘निःशब्द’ला मात्र मी मानतो, त्यांनी खरोखरच एक शब्द पाहिलेला नसायचा.

आणि लिहायचं कसं, तेही बाईंनी शिकवलं. ‘वॉशर कसा बदलावा’ असं शीर्षक देतात का कुणी? ‘तिनं नळ उघडला आणि...’ असं द्या. मी म्हटलं, ‘तिनं म्हणजे कुणी?’ बाई म्हणाल्या, ‘ते टिंबांत.’ टिंबांवर वाचक येतो म्हणे. आणि गोष्ट कधी पुरी सांगायची नाही, तुकडे करायचे, ऐन रंगात आली की तोडायची. सगळं केलं मी. वॉशरच्या लेखाला पाठमोऱ्या बाईचा फोटो लावला. आणि वाढले हो आकडे! दहाचे शंभर झाले, शंभराचे हजार व्हायला लागले, अॅप मला सकाळ-संध्याकाळ शाबासकी पाठवायला लागलं, मुलगी म्हणाली, ‘बाबा, कमाल आहे तुमची!’ आणि ताट आपटलं. म्हटलं, ‘तू वाचलंस का ते माझं टाकीवरच्या कबुतरांचं?’ ‘बाबा, मी सेव्ह करून ठेवलंय.’ सेव्ह! म्हणजे जगात माझी वाचवलेली गोष्ट आहे, वाचलेली नाही.

पण तरी मी खूश होतो बरं का. उगाच खोटं कशाला बोलू? दातवाल्या डॉक्टरांचं होईपर्यंत मी अगदी खूश होतो.

दातवाले डॉक्टर म्हणजे आमच्या गटातले एक दंतवैद्य, रहस्यकथा लिहायचे, दर भागात एक खून. भला माणूस. तर त्यांनी एका सकाळी चार ओळी टाकल्या. ‘मित्रहो, माझी दृष्टी झपाट्यानं कमी होत चालली आहे. आजपासून मी लेखन कायमचं थांबवत आहे. सर्वांचे आभार.’ आणि खाली शेरे बघा तुम्ही! ‘अप्रतिम!’ ‘थरारक!’ ‘शेवटचा धक्का जबरदस्त!’ ‘खूप सुंदर, असंच लिहीत राहा!’ असंच लिहीत राहा, अहो! त्या माणसाला दिसत नाहीये! मी आपला संतापलो, म्हटलं, काय ही माणसं, आणि त्यांना झाडायला म्हणून खाली खाली गेलो तर एक शेरा दिसला, ‘उत्कंठा शिगेला!’ कुणाचा? तिरका फोटो. माझा. सकाळीच सरकवून झालेला.

आणि त्या डॉक्टरांनी प्रत्येकाला उत्तर दिलेलं, ‘धन्यवाद.’ ‘धन्यवाद.’ ‘धन्यवाद.’

तिथं माझी झोप उडाली. कारण त्याच आठवड्यात माझ्या हातून आणखी एक झालं होतं. लेख चढवताना कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे, एकच परिच्छेद चार वेळा चिकटला. तोच! शब्द न् शब्द तोच! लेख म्हणजे टाकीचं झाकण, टाकीचं झाकण, टाकीचं झाकण, टाकीचं झाकण. आणि शेरा काय? ‘उत्तरोत्तर रंगत गेलं.’ दुसरा म्हणतो, ‘शेवटी दिलेली कलाटणी कल्पनेपलीकडची.’ कलाटणी कसली, झाकणच होतं ते चौथ्यांदा! अॅप म्हणतंय अभिनंदन, हेडबाई म्हणतायत प्रगती आहे, आणि मी एकटा खोलीत त्या आकड्याला विचारतोय, वाचक वाढले रे, पण वाचलं कुणी?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, पैसे मिळतायत ना? मिळतायत हो. महिन्याच्या कमाईत एक चहा येतो, तोही उभ्यानं प्यायचा. पण मला काय पैसे हवे होते का? मला एक माणूस हवा होता हो. एक! ज्यानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत... जाऊ दे.

तर मी काय केलं, एक लेख लिहिला, ‘वरच्या मजल्यावर पाण्याला जोर का नसतो.’ शीर्षक अर्थातच ‘ती वर गेली आणि...’ आणि लेखाच्या बरोबर मध्ये, पंपाच्या आणि टाकीच्या उंचीच्या मधोमध, लिहिलं, ‘इथपर्यंत वाचत असाल तर मला फोन करा. काम काही नाही. नुसतं वाचलं म्हणा. मी घरीच असतो.’ आणि खाली माझा नंबर. पुन्हा पुढच्या ओळीपासून पंप सुरू.

काय सांगू तुम्हाला, माझ्या आयुष्यात इतका आकडा कधी गेला नव्हता! वर, वर, वर! अॅपनं मला बिल्ला पाठवला, ‘आठवड्याचा लखलखता लेखक’, त्यातून ठिणग्या उडत होत्या. शेऱ्यांचा पाऊस. ‘ओघवतं.’ ‘मनातलं बोललात.’ ‘अगदी घरी आल्यासारखं वाटलं!’ अरे, मग या ना घरी! नंबर दिलाय! फोन कुठं वाजतोय? मी फोन घेऊन हिंडतोय. अंघोळीला जाताना साबणाच्या फळीवर फोन. भाजी आणायला गेलो तर भाजीवाल्याला म्हणतो, ‘जरा हळू बोला, वाजला तर ऐकू यायचं नाही.’ दोन दिवस झाले, काही नाही. मग मला शंका, यंत्रच बिघडलं असेल. खाली शिंपीदादांचं दुकान आहे, त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ‘दादा, मला एक रिंग द्या.’ दिली त्यांनी. वाजला हो! खणखणीत वाजला! अगदी जवळून, माझ्या खिशात. दादा म्हणाले, ‘चालू आहे की. कुणाच्या फोनची वाट बघताय?’ म्हटलं, ‘वाचकांच्या.’ ‘मग येतील की, तुमचे तर हजार आहेत ना? काय लिहिता तरी?’ मी एकदम खूश, स्टुलावर बसलो, म्हटलं, ‘त्याचं असं आहे दादा, पाणी वर चढतं कसं...’ आणि त्यांनी मशीन सुरू केलं. घर्रर्र. कुणाच्या तरी पँटीची चेन होती, अर्जंट.

जिना चढून वर आलो. फोन टेबलावर ठेवला. यंत्र चांगलं आहे, हे कळल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आणि मग, मंगळवार दुपार. मी कप विसळत होतो. फोन वाजला! कप फुटला, फुटू दे! ओल्या हातानं फोन उचलला. ‘हॅलो!’ तिकडून एक तरुण आवाज, कागदावरून वाचल्यासारखा, ‘नमस्कार सर, मी अॅपच्या आशय-तपासणी विभागातून बोलतोय. आपल्या लेखात वैयक्तिक दूरध्वनी क्रमांक आढळला असून तो आमच्या नियमांचा भंग आहे. ही आपली पहिली ताकीद आहे.’

मी म्हटलं, ‘तुम्ही वाचलंत?’

‘तपासलं, सर.’

‘पण म्हणजे वाचलंत ना?’

‘तपासायला वाचावं लागतं, सर.’

‘सगळं?’

‘सगळंच लागतं. माझ्या वाट्याला जे लेखक येतात त्यांचं सगळं.’

म्हटलं, ‘माझा नंबर तुम्हाला मिळाला कुठून?’ तर तो गरीब बिचारा म्हणतो, ‘तुमच्या लेखात आहे सर. तोच तर भंग आहे.’ मी म्हटलं, ‘बरं, कसा वाटला लेख?’ तो म्हणाला, ‘आम्हाला मत द्यायची परवानगी नाही, सर.’ बघा! जे वाचत नाहीत ते मतं देतायत पोत्यानं, आणि जो वाचतो त्याला परवानगी नाही! मग त्यानं सांगितलं की माझी कमाई आता गोठवलेली आहे, आणखी दोन भंग झाले तर खातंच बंद, फोन नोंदवला जातोय, काही शंका? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, ठेवतो. आणि ठेवेना. मला तिकडचा पंखा ऐकू येतोय. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘सर, ते तुमचं आजींचं आहे ना. रोज फोन करायच्या त्या. एक दिवस त्यांचा फोन आला नाही, असं लिहून तुम्ही टिंबं दिलीत. पुढं लिहिलंच नाहीत. ...मग?’

मग! म्हणाला हो तो! भाजी नाही, विळी नाही, कुठल्या कचेरीतून कुठला पोरगा, आणि म्हणतो, ‘मग?’ फुटक्या कपाचे तुकडे होते तिथं, ते बाजूला सारून खालीच बसलो.

आणि सांगितलं त्याला सगळं. एक आजी होत्या, रोज सकाळी तक्रारीच्या फोनवर, ‘पाणी आलं नाही.’ आमची माणसं जायची, बघायची, तर नळ धो धो चालू. पुन्हा दुसऱ्या दिवशी, ‘पाणी आलं नाही.’ साहेबांनी शेरा मारला, खोटी तक्रार, फोन घेऊ नये. मी घ्यायचो. त्या बोलायच्या आणि मागं बादली भरल्याचा आवाज यायचा मला, स्वच्छ! मी म्हणायचो, ‘हो आजी, नोंद केली, बाकी काय म्हणताय?’ मग बाकीचं म्हणायच्या. गुडघा, सून, शेजारचं मांजर. आणि एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पत्ता होता माझ्याकडे, गेलो. दार वाजवलं. दार उघडलं त्यांनीच! म्हणाल्या, ‘आत या, फोन मेलाय माझा.’ तुम्हाला सांगतो, पाणीखात्यातला माणूस अर्धी रजा टाकून टेलिफोनच्या तक्रारीच्या रांगेत उभा राहिला, आणि तिथल्या बाबूनं मला विचारलं, ‘तुमचा कोण संबंध?’ मी म्हटलं, ‘मी त्यांचा पाणी न आलेला माणूस.’ लागला फोन. दुसऱ्या सकाळी वाजला. ‘पाणी आलं नाही.’ म्हटलं, ‘हो आजी, नोंद केली. बाकी काय म्हणताय?’

पोरगा म्हणाला, ‘सर, हे लिहा.’ आणि मग एकदम कागदावरचा आवाज, ‘सहकार्याबद्दल आभारी आहोत,’ आणि खट्.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? नियम पाळायला हवे होते. कमाई परत सुरू झाली असती. हेडबाई तर कडाडल्याच, ‘लेखक महोदय, तुमच्यामुळं सगळ्या गटावर नजर जाईल, नंबर काढा आणि क्षमापत्र द्या!’ आणि मी लेख उघडला, नंबर पुसायला बोट नेलं, आणि माझ्या मनात आलं, नंबर पुसला की हा परत फोन कशावर करणार? मी पुढच्या लेखातसुद्धा नंबर घातला. मोठ्या अक्षरात.

गटातून काढलं मला. काढलं म्हणजे काय, आकडा धाडकन खाली आला, हजाराचे शंभर, शंभराचे... आला हो तो परत एकावर. पण आता तो एक म्हणजे मी नव्हतो! आणि गंमत अशी, की वाचक आटले आणि मी जास्त मन लावून लिहायला लागलो. टिंबं काढून टाकली. पाठमोरी बाई काढून टाकली. आजींचं सगळं लिहिलं. लिहिताना एक चेहरा समोर, तोही मी पाहिलेला नाही, पंख्याखाली बसलेला.

दुसरी ताकीद द्यायला फोन आला तेव्हा मी तयार होतो, खुर्ची ओढून, पाणी घेऊन. त्याचा आवाज रडवेला. ‘सर, का हो असं करता? आणखी एकदा केलंत की खातं बंद. मलाच करावं लागेल.’ मी म्हटलं, ‘तुम्ही असाच फोन करा ना मग. काम नसताना.’ तो म्हणाला, ‘लेखकांशी खासगी संपर्क ठेवला तर नोकरी जाते, सर.’ म्हटलं, ‘म्हणजे मी भंग केला तरच तुम्ही बोलणार?’ ‘हो सर.’ ‘आणि भंग एकच उरलाय?’ ‘हो सर.’ मग तो म्हणाला, ‘शेजारचं मांजर... त्याचं काय झालं, सर?’

तो शेवटचा भंग मी पुष्कळ दिवस जपून ठेवला. माणसं ठेवणीतलं कापड जपतात, तसा. लेख लिहायचो, नंबर घालायचो, पुन्हा पुसायचो. कारण तो घातला की फोन येणार, आणि फोन आला की संपलं. त्याच सुमारास माझा वाढदिवस आला. मुलीचा फोन सकाळी येऊन गेला, घाईत होती, आणि समोर सगळा दिवस पडलेला... घातला. काय करू? घातला.

आला फोन. तो म्हणाला, ‘सर, खातं बंद करतोय.’ म्हटलं, ‘करा. माझा वाढदिवस आहे आज.’ ‘मला माहीत आहे सर, तुमच्या माहितीत तारीख आहे.’ मग बरंच बोललो आम्ही. म्हणजे मीच बोललो, हिची विळी, हिचं ‘मग?’, शिंपीदादांचं मशीन, फुटलेला कप, सगळं. शेवटी तो म्हणाला, ‘सर, मीही ही नोकरी सोडतोय. मला लिहायचंय.’ मी म्हटलं, ‘लिहा! पण एक लक्षात ठेवा, आकडा वाढेल, पण...’ आणि खट्. तेवढाच वेळ देतात त्यांना. फोनच्या पडद्यावर पाहिलं तर माझं खातं पुसलेलं, तिरका फोटोसुद्धा गेला.

गेले महिने. फोन गप्प. मी पुन्हा पहिल्यासारखा उचलून बघतो. आणि परवाच्या रविवारी मुलीचा फोन, आणि भांड्यांचा आवाज नाही! मी घाबरलो, म्हटलं, काय झालं गं? म्हणाली, ‘बाबा, एक लिंक पाठवलीय, वाचाच! सगळे वाचतायत. नवा लेखक आहे. “नळवाले काका” नावाची मालिका. त्यातले काका एकटे असतात, पाणीखात्यातून निवृत्त, लेखात स्वतःचा नंबर टाकतात आणि फोनची वाट बघत बसतात. बाबा, मी बसमध्ये रडले!’ म्हटलं, ‘एवढी रडलीस?’ ‘अहो, कुणीच फोन करत नाही त्यांना!’ म्हटलं, ‘मग कर की तू त्यांना फोन.’ तर हसली. म्हणाली, ‘बाबा, ते कथेतले आहेत.’

उघडलं मी. लाखांत वाचक! आणि तुम्हाला सांगतो, वाचलंय हो लोकांनी! खरोखर वाचलंय! शेरे बघा ना, हे एवढाले. ‘कप फुटतो तिथं मला थांबावं लागलं.’ ‘शिंपी मशीन सुरू करतो ते फार लागलं.’ आमच्या हेडबाईंनी तर चक्क एक चूक काढलीय, म्हणजे काय वाचलं असेल त्यांनी! आणि निम्मे शेरे काय, तर ‘या काकांना कुणीतरी फोन करा हो!’ ‘काकांचा नंबर द्या!’ ‘आम्ही रोज करू!’ खाली लेखकाचं उत्तर, नम्र, कागदावरचं, ‘क्षमस्व, दूरध्वनी क्रमांक देणं नियमात बसत नाही.’

राग? आला हो, आला. सगळं माझं त्यानं उचललं, आजी उचलल्या, ‘मग?’सुद्धा उचललं, ते तर हिचं होतं. पण वाचत गेलो... चांगलं लिहितो मेला. माझ्यापेक्षा चांगलं. आणि हिच्यावरचा एक भाग आहे, विळीचा, तो वाचून मी एकटाच खोलीत म्हटलं, ‘हं.’ तेव्हापासून वाचतो मी. अंगठा नाही, श्वास नाही, ओळ न् ओळ वाचतो, जगात त्याचं इतकं नीट कुणी वाचत नसेल.

आणि कालच्या भागात त्यानं काय केलंय, काका खुर्चीत बसलेत, संध्याकाळ झालीय, आणि फोन वाजतो. वाजतोय, वाजतोय, काका उठतात... आणि तोडलं की हो तिथं! टिंबं! पुढचं म्हणे सोमवारी. तेव्हा तुम्ही निघा आता, मी काही कुठं जात नाही, इथंच बसतो. मला कुणाचा तरी फोन आलाय. कुणाचा, ते सोमवारी वाचून कळेल.